गठ्ठे बदलण्याचा हिवाळा

३ जानेवारी १९९०, बुधवार

नव्या वहीचं पहिलं पान ऑरव्हिलवर खर्च करावं लागतंय, पण इलाज नाही. तो आमच्या बोर्डांच्या जाळ्याचा प्रमुख; ग्रीन बेहून त्याचा निरोप आला. आपल्या जाळ्यातल्या सगळ्या बोर्डांनी फाइली जुन्या आर्क गठ्ठ्यांतून सोडवून नव्या झिप गठ्ठ्यांत बांधायच्या. मुदत सेंट जोसेफच्या दिवसापर्यंत, म्हणजे १९ मार्च. जो मागे राहील त्याला नव्या फाइलींचा पुरवठा बंद आणि यादीतून नाव बाद. ऑरव्हिल पूर्वी दुधाच्या गाड्यांचं वेळापत्रक लावायचा. माणसांशीही तो गाड्यांशी बोलल्यासारखाच बोलतो.

यादीतून नाव गेलं की माझा फॉगहॉर्न बोर्ड संपला. तळघरात कपडे धुण्याच्या मशीनशेजारी एक टेबल, त्यावर कॉम्प्युटर, मोडेम आणि फोनची एक लाइन, एवढाच त्याचा पसारा. गावातली, शेतांवरची मंडळी आपापल्या कॉम्प्युटरवरून इथे फोन लावतात, एकमेकांना निरोप लिहितात, फाइली उतरवून घेतात. लाइन एकच असल्यामुळे एका वेळी एकच माणूस येतो, आणि मी जवळ असले तर टाइप करून त्याच्याशी दोन शब्द बोलते. गावचं टेलिफोन एक्सचेंज होतं तेव्हा मी हेच करायचे. दिवा लागला की वायर खोचायची आणि म्हणायचं, "नंबर प्लीज." एक्सचेंज यंत्रावर गेलं तेव्हा सगळे म्हणाले, बर्नी, सुटलीस बाई. मला कुठे सुटायचं होतं?

रात्रीच्या जेवणाला नवऱ्याला, लेस्टरला, सांगितलं.

"म्हणजे नक्की काय करणार तू?"

"फाइली दाबून बांधलेल्या असतात, म्हणजे फोनवरून लवकर जातात. आता बांधायची नवी रीत आली. जास्त दाबते, कमी जागा घेते."

"आत तेच?"

"आत तेच."

"एका पिशवीतनं काढून दुसऱ्या पिशवीत," लेस्टर म्हणाला. "मी खिळ्यांचं असं करत बसलो तर गिऱ्हाइकं म्हणतील म्हातारा चळला." आणि त्याने आणखी एक डंपलिंग घेतलं.

हार्डवेअरचं दुकान सोडून जगात काही महत्त्वाचं असतं हे त्याला पटत नाही. दुकानात मालाची नोंद ठेवायला एक कॉम्प्युटर आहे, त्याला तो 'डबा' म्हणतो. मोडेम जोडताना कर्कश आवाज करतो, म्हणून माझ्या लाइनवर तर त्याचा रागच आहे. "आपल्या घरचा फोन वाजत नाही, किंचाळतो," म्हणतो. लाइन काढून टाक असं तोंडाने कधी म्हणाला नाही, पण मनात तेच असणार.

९ जानेवारी, मंगळवार

आज स्टर्जनशी गप्पा झाल्या. स्टर्जन हे त्याचं बोर्डावरचं नाव, खरं नाव मला माहीत नाही. नवीन माणसाला आधी फोन करून खात्री करायचा नियम मी नंतर केला, आणि हा चार वर्षांपूर्वीच्या अगदी पहिल्या आठवड्यातला. सकाळी दहाच्या सुमारास येतो, शनिवार-रविवार येत नाही. पहिले शब्द ठरलेले: "ऑपरेटर आहे का?" मग रोज एक फाइल उतरवून घ्यायची. गेल्या ख्रिसमसपर्यंत त्याने माझ्याकडची एकूण एक फाइल नेली. गाईंच्या खाद्याचा हिशोब करायचा कार्यक्रम नेला, लहान मुलांची कोडी नेली, नौकानयनाचे तक्ते नेले.

"एवढ्याचं करता काय?" मी विचारलं.

"वेळ जातो," त्याने लिहिलं. "नवीन काही आलं तर सांगा."

मी त्याला ऑरव्हिलचा हुकूम सांगितला. तो म्हणाला, "तुम्हाला जमेल. घाई करू नका. आणि तळघरात बसताना ती हिरवी शाल घेत जा."

हिरवी शाल मी चर्चला जाताना घेते. म्हणजे हा आपल्याच पॅरिशचा, आपल्याच चर्चला येणारा. मला आता जवळजवळ खात्री आहे की हा एमिल हाव्लिचेक, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, निवृत्त आहे, बोलतो तोलून मापून. शनिवार-रविवारी त्याला चर्चमधली लग्नं आणि मासच्या प्रार्थना असतात. सगळं जुळतंय.

हे लिहिताना गाल जरा गरम झाले, हेही लिहून ठेवते. एकसष्टाव्या वर्षी आपली शाल कुणाच्या लक्षात राहावी.

१५ जानेवारी, सोमवार

काम सुरू. हाताने एकेक गठ्ठा बदलायचा तर ईस्टर उजाडेल, म्हणून कॉम्प्युटरला पायऱ्या लिहून दिल्या: जुना गठ्ठा कामाच्या खोलीत सोड, आतलं सगळं नव्या गठ्ठ्यात बांध, जुना पुसून टाक, खोली झाड, पुढचा घे. कामाची खोली म्हणजे डिस्कवरचाच एक मोकळा कोपरा.

एक अडचण आली. गठ्ठा सोडवणारा कार्यक्रम मधेच थांबून विचारतो, या नावाची फाइल इथे आधीच आहे, तिच्यावर लिहू का? मी नसले की तो उत्तराची वाट बघत बसून राहतो. म्हणून मी कायमचं उत्तर लिहून ठेवलं: नको. एक्सचेंजमध्ये आम्हाला हेच शिकवलं होतं. शंका असेल तिथे हात लावायचा नाही.

सकाळी बोर्ड बंद ठेवते आणि गठ्ठे बदलते. दहाला मात्र उघडते. एमिलचा, म्हणजे स्टर्जनचा, खोळंबा नको.

२६ जानेवारी, शुक्रवार

डिस्कवर जागा होत चालली आहे, आणि माझा जीवही मोकळा होतोय. मशीनमध्ये चादरी फिरताहेत, शेजारी गठ्ठे बदलताहेत, मी विणतेय. सुख म्हणतात ते याहून फार वेगळं असेल असं वाटत नाही.

जपून ठेवायच्या प्रतीही सोबतच नव्या करतेय. जुन्या आर्क गठ्ठ्यांच्या फ्लॉप्या कपाटात होत्या, त्यांच्यावरच नवे झिप गठ्ठे लिहितेय. दोन-दोन पद्धतींचा पसारा कशाला? ऑरव्हिललाही आवडेल.

रविवारी चर्चबाहेर एमिलशी मुद्दाम बोलले. म्हटलं, "रोज सकाळी दहाला काय करता हो?"

"मांजराला औषध देतो," तो म्हणाला. "फार बोचकारते."

फारच सावध माणूस आहे.

८ फेब्रुवारी, गुरुवार

लेस्टरला फ्लू. सोमवारपासून अंथरुणात आहे, आणि दुकान त्याचा भाऊ बघतोय. लेस्टर आजारी पडला की घरात तीन माणसं वाढल्यासारखं होतं. उशी वर घे, उशी खाली घे.

त्यात स्टर्जनही सोमवारपासून आलेला नाही. लेस्टरला सूप देताना बोलून गेले, "माझा एक माणूस चार दिवस आला नाही. रोज येणारा आहे. जिवाला घोर लागलाय."

"घोर लागण्यासारखं काय आहे त्यात?"

"एकटा असतो तो. काही झालं तर कळणार कुणाला?"

लेस्टरने चमच्याने सूप ढवळलं. मग म्हणाला, "एकटा नसेल कदाचित."

"तुला काय माहीत?"

"मला काय माहीत," तो म्हणाला, आणि उरलेलं सूप एका दमात प्यायला. दुपारी बघते तर पँट चढवून दुकानात जायला निघालेला. ताप अजून उतरायचा होता. मी बूट लपवून ठेवले.

१२ फेब्रुवारी, सोमवार

लेस्टर दुकानात गेला. स्टर्जनही आला. "बरं नव्हतं," म्हणाला.

"तुमच्याकडेही फ्लूच का? आमच्याकडेही तेच. नवऱ्याने नुसता जीव नकोसा केला."

मग अक्षरं आली: "फार त्रास दिला का त्याने?"

"खूप. पण आज घर ओकं ओकं वाटतंय."

त्याने "बरं" एवढंच लिहिलं आणि गेला. एकट्या माणसाला दुसऱ्याच्या घरचं ऐकवत बसायला नको होतं, असं मागून वाटलं.

२० फेब्रुवारी, मंगळवार

संपलं. सगळे गठ्ठे झिप झाले. संध्याकाळी लेस्टरला म्हटलं, आज आपण बाहेर जाऊ. ब्रँडी ओल्ड फॅशन्ड घेतली, दोनदा. लेस्टरने पेला वर केला आणि म्हणाला, "पिशव्यांच्या नावाने." मला फार बरं वाटलं. थट्टा का होईना, त्याच्या लक्षात होतं.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

उद्यापासून लेंट, ईस्टरआधीचे उपासाचे दिवस. सकाळी जॅम भरून डोनट तळत होते, तेवढ्यात घरच्या फोनवर रोझॅली आली. कार्ल्टन गावाकडे तिच्या गाई आहेत.

"बर्नी, मी खाद्याच्या हिशोबाचा कार्यक्रम उतरवला. त्याबरोबर 'मला वाचा' म्हणून सूचनांचा कागद असतो ना?"

"असतो. प्रत्येक गठ्ठ्यात असतो."

"त्यात लिहिलंय, भाड्याचे बूट काउंटरवर परत करावेत."

"कसले बूट?"

"मलाही तेच विचारायचं होतं. गाईंना घालायचे का? खाली लिहिलंय, पॅरिशची बोलिंग लीग, १९८६, शेवटचा क्रमांक लेस्टर कोहाऊटचा संघ."

कढई बंद करून खाली धावले. दुसरा गठ्ठा उघडला. बूट परत करावेत. तिसरा उघडला, नौकानयनाचा. बूट परत करावेत. मुलांच्या कोड्यांतही बूट, करांच्या तक्त्यातही बूट.

काय झालं ते कळायला दुपार गेली. यादीत पहिला गठ्ठा बोलिंग लीगचा; बोलिंगला खास बूट भाड्याने घ्यावे लागतात. त्याच्यातला 'मला वाचा' कामाच्या खोलीत सुटला. खोली झाडायच्या माझ्या पायरीत नावाच्या शेवटी ठरावीक अक्षरांचं शेपूट असलेल्या फाइलीच पुसल्या जात होत्या, आणि या कागदाचं शेपूट वेगळं, म्हणून तो कोपऱ्यात तसाच राहिला. मग दुसरा गठ्ठा सुटला. त्याचाही कागद त्याच नावाचा. कार्यक्रमाने विचारलं असणार, जुन्यावर लिहू का? आणि मी कायमचं सांगून ठेवलं होतं, नको. मग बोलिंगचाच कागद पुढच्या गठ्ठ्यात, त्याच्या पुढच्यात, शेवटपर्यंत. खरे कागद बाहेर आलेच नाहीत, आणि ज्या जुन्या गठ्ठ्यांत ते होते ते मी पुसले. जपून ठेवलेल्या फ्लॉप्याही मीच, विणकाम बाजूला ठेवून, स्वतःच्या हाताने पुसल्या.

सूचनांशिवाय त्यातले अर्धे कार्यक्रम चालवताच येत नाहीत. डोनट कडक झाले.

२८ फेब्रुवारी, बुधवार

लेंटचा पहिला दिवस, चर्चमधून कपाळाला पश्चात्तापाची राख लावून आले. आज ती शोभतेय मला.

ऑरव्हिलला फोन केला. जुने गठ्ठे आहेत का विचारलं. "पुसले सगळे. तारीख हलणार नाही," तो म्हणाला. "मोडके गठ्ठे यादीत घेता येत नाहीत. बर्नी, मला वाईट वाटतं, पण एकीला सूट दिली तर सगळे मागतील." दुधाच्या गाडीलासुद्धा बर्फात उशीर चालतो, असं ओठांवर आलं होतं.

लेस्टरला जेवताना सगळं सांगितलं. वाटलं होतं, पिशव्यांवरून काहीतरी बोलेल. त्याने पावाची टोपली माझ्याकडे सरकवली.

"बंद करते मी बोर्ड," मी म्हटलं. "तुलाही बरं. फोन किंचाळायचा थांबेल."

"मला बरं?" तो म्हणाला. "मला बरं असं कधी म्हणालो मी?"

"म्हणाला नाहीस. पण."

तो उठला आणि ताटं धुवायला लागला. लग्नाला सदतीस वर्षं झाली, त्याने ताटं धुतलेली मला आठवत नाहीत.

५ मार्च, सोमवार

बोर्डावर सूचना लावली: फॉगहॉर्न सेंट जोसेफच्या दिवशी बंद होईल, चूक माझी, सगळ्यांचे आभार. लिहिताना एक्सचेंजचा शेवटचा दिवस आठवला. त्या दिवशीही फळ्यावरच्या वायरी मीच काढल्या होत्या. तेव्हा वायरींच्या पलीकडे कोण कोण असायचं. हिवाळ्यात एक तरुण रोज मटारच्या कारखान्याचा नंबर मागायचा, बेचाळीस. मटारचा हंगाम उन्हाळ्यात, हिवाळ्यात कारखान्याला कुलूप. मी सांगायचे, तिथे कोणी उचलत नाही, साहेब. तो म्हणायचा, पुन्हा लावून बघा. दोन हिवाळे हे चाललं, मग मी त्याच्याशी लग्न केलं. आता त्याला विचारलं तर म्हणेल, मटार हवे होते.

दहाला स्टर्जन आला. "ऑपरेटर आहे का?"

"आहे. थोडे दिवस."

"सूचना वाचली. जुने आर्क गठ्ठे मिळाले तर काम होईल का?"

"होईल. मुदतीत बसेल. पण कुणाकडे असणार? लोक घेतात, सोडवतात, गठ्ठा पुसून टाकतात."

"माझ्याकडे आहेत."

"कुठले?"

"सगळे. पहिल्या दिवसापासूनचे. फ्लॉप्यांवर, जसे घेतले तसे."

त्यानेच पुढे लिहिलं, "शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये लेंटचं माशांचं जेवण आहे, फिश फ्राय. तिथे आणून देतो."

वर येऊन तशीच जिन्यावर बसले आणि रडले, चांगल्या कारणाने.

आता पंचाईत वेगळीच. एमिल सगळ्यांदेखत माझ्या हातात फ्लॉप्या देणार. लेस्टर शेजारी असणार. लेस्टरला सांगून टाकावं हे बरं. सांगण्यासारखं काहीच नाही, पण सांगावं.

८ मार्च, गुरुवार

सांगितलं. "बोर्डावर एक गृहस्थ येतात, स्टर्जन. उद्या ते मला जुने गठ्ठे देणार आहेत. माणूस चांगला आहे. रोज माझी विचारपूस करतो. तुला वावगं वाटू नये म्हणून सांगते."

लेस्टर वर्तमानपत्रामागे होता. "दिसायला कसा आहे?"

"दिसण्याचा प्रश्नच नाही. पण बहुतेक एमिल हाव्लिचेक."

वर्तमानपत्र हलायला लागलं. मला वाटलं रागाने.

"हिरवी शाल घे उद्या," तो आतून म्हणाला. "हॉलमध्ये वारं येतं."

९ मार्च, शुक्रवार

हे नीट लिहायचंय, म्हणून आधी चहा करून घेतला.

हॉल भरलेला होता. आम्ही तळलेला पर्च मासा, कोबीची कोशिंबीर आणि राय ब्रेड घेऊन भिंतीकडेला बसलो. लेस्टर म्हणाला, गाडीत काहीतरी राहिलं, आणि उठून गेला. तेवढ्यात एमिल टेबलाशी आला. मी उभी राहिले आणि हात पुढे केला.

"आणलंत?"

"काय?" एमिल म्हणाला. "मी टार्टर सॉस मागायला आलो."

सॉस दिला. एमिल गेला, आणि त्याच्या मागे लेस्टर उभा होता. हातात खिळ्यांची पुठ्ठ्याची खोकी, एकावर एक, हनुवटीने दाबून धरलेली. त्याने ती टेबलावर ठेवली. मी वरचं उघडलं. आत फ्लॉप्या, प्रत्येकीवर लेस्टरचं अक्षर, दुकानातल्या मालावर लिहितो तसं.

मी फ्लॉप्यांकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. तो खाली बसला आणि मासा खायला लागला.

"तू?"

"पर्च गार होतोय."

"लेस्टर, तू? त्या डब्यावरून?"

"दहा वाजता गिऱ्हाईक नसतं."

"चार वर्षं! आणि घरी माझ्या लाइनला नावं ठेवतोस."

"घरी ती किंचाळते. दुकानात तिचा आवाज बरा लागतो."

"मला सांगायला काय झालं होतं?"

त्याने काटा खाली ठेवला. "घरी तू मला म्हणतेस, कचरा बाहेर ठेव, गटार तुंबलंय. तिथे म्हणतेस, आज कसे आहात? पहिल्याच दिवशी तू ते विचारलंस, आणि मग मला सांगवेना."

खोटं असतं तर भांडले असते. मी म्हटलं, "एवढ्या फाइलींचं केलंस काय? गाईंच्या खाद्याचं तुला काय करायचंय?"

"काही नाही. एकही उघडली नाही."

"एकही नाही?"

"उघडायच्या कशाला? फाइल घेतली की ती येईपर्यंत लाइन जोडलेली राहते. मोठी असली तर बराच वेळ. तू पलीकडे असतेस." मग जरा तिरकस बघून म्हणाला, "तुझ्या त्या नव्या पिशव्या फार लवकर येतात. मला काही आवडलेल्या नाहीत."

मी शाल डोळ्यांवर ओढून घेतली. पलीकडून एमिल बघत होता, त्याला वाटलं असेल सॉस तिखट लागला.

१९ मार्च, सोमवार, सेंट जोसेफ

सगळे गठ्ठे पुन्हा बदलले. या वेळी खोली कोपऱ्यापर्यंत झाडली, आणि बांधलेला प्रत्येक गठ्ठा उघडून कागद वाचला. लेस्टर संध्याकाळी शेजारी बसून एकेक फ्लॉपी हातात देत होता आणि नाव मोठ्याने वाचत होता. बोलिंगचा गठ्ठा आल्यावर म्हणाला, "हा नाही बदलला तरी चालेल."

ऑरव्हिलने दुपारी तपासले. यादीत नाव राहिलं. "बर्नी, जुने गठ्ठे मिळाले कुठे?" त्याने विचारलं. हार्डवेअरच्या दुकानात, म्हणून सांगितलं. त्याला थट्टा वाटली.

२० मार्च, मंगळवार

लेस्टर सकाळी नेहमीसारखा गेला. कचरा बाहेर ठेवून गेला. स्टर्जनबद्दल दोघेही बोललो नाही. मला उगाच धाकधूक होती, आता उघड झाल्यावर कशाला येईल तो?

दहाला फोन किंचाळला. खरं सांगायचं तर आवाज बरा लागला. पडद्यावर नाव आलं, आणि खाली ठरलेले शब्द.

"ऑपरेटर आहे का?"

मी हात पुसले आणि लिहिलं, "नंबर प्लीज."

मग एकेक अक्षर, दोन बोटांनी टाइप करणाऱ्या माणसाचं.

"बेचाळीस."

"तिथे कोणी उचलत नाही, साहेब."

"पुन्हा लावून बघा."

मशीनमधल्या चादरी थांबल्या होत्या. त्या तशाच राहू दिल्या आणि पुन्हा लावून बघितलं.